खुंटावरचं जुनं जाळं

सोमवार, सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. प्लांटच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासकट सव्वीस माणसं हजर होती. मोठे साहेब, उत्पादन विभागाचे प्रमुख, लॅबमधल्या दोन मुली, बॉयलरची पहिली पाळी, गेटवरचे दोघे आणि बाकी आम्ही ऑफिसची मंडळी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर श्रावण नान्हेचा फोटो ठेवला होता. ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून घेतलेला, त्यामुळे एका कोपऱ्यात शिक्क्याची निळी कड आली होती. दोन मिनिटं मौन पाळू या, असं साहेब म्हणाले. मी घड्याळ पाहिलं. एक्केचाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी खुर्ची सरकवली आणि सगळे बसले.

मग साहेब बोलले. श्रावणजी म्हणजे या प्लांटचा पाया, त्यांची संशोधक वृत्ती आपण पुढे न्यायची आहे, वगैरे. साडेतीन मिनिटं. नंतर समोसे आले. माझ्या शेजारचा म्हणाला, "चटणी घ्या ना, ताजी आहे." मी समोसा हातात धरून बसलो. याच साहेबांनी सात महिन्यांपूर्वी समोरच्याच खोलीत एका कागदावर सही केली होती. प्लांटची अख्खी टाकी नासली ती श्रावणनं घातलेल्या "अप्रमाणित स्थानिक पदार्थामुळे", असं त्या कागदावर लिहिलेलं होतं. त्यानंतर श्रावणला लॅबमधून काढून वजनकाट्यावर बसवलं. तिथेच त्याचे शेवटचे सात महिने गेले. एका सकाळी काट्यावर जायला म्हणून बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. वय बावन्न.

मला किळस आली. ती नुसती साहेबांची नव्हती. त्या चौकशीला मीही हजर होतो.

श्रावण आणि मी अकरावीपासूनचे. भंडाऱ्याला एकाच बाकावर बसायचो. तो आमच्याच लाखनी तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावचा, ढिवराच्या घरचा. वडील तलावात मासेमारी करायचे. सकाळी जाळं ओढून झालं की तो बसनं कॉलेजला यायचा, आणि कितीही हात धुतले तरी त्याच्या बोटांना मासळीचा वास असायचा. वर्गातले दोघे-तिघे नाकाला रुमाल लावायचे. श्रावण सरळ त्यांच्या पुढ्यात हात धरून म्हणायचा, "घे, नीट घे वास. रोहू आहे. तुह्या घरी रविवारी याचंच कालवण असते ना बे?" त्याला कधी लाज वाटलेली मी पाहिली नाही. मी बारावीनंतर कॉमर्सला गेलो, तो नागपूरहून जीवरसायनात एमएस्सी होऊन आला. मी जे काही बोलायचो त्यात आकडा असायचा, म्हणून त्यानं माझं नाव हिशोब्या ठेवलं होतं. बायकोपोरांसमोरही तो मला हिशोब्याच म्हणायचा.

हायवेजवळ धानाच्या तणसीपासून इथेनॉल बनवणारा प्लांट उभा राहिला तेव्हा तो तिथे केमिस्ट म्हणून लागला आणि वर्षभरानं त्याच्याच शब्दावर मी स्टोअरला. या पुरवणीच्या वाचकांपैकी अनेकांनी तिथे ट्रॉल्या नेल्या असतील, पण आत काय चालतं ते फार कमी लोकांनी पाहिलंय. तणस कापतात, थोड्या आम्लाच्या पाण्यात भिजवतात आणि दाबाखालच्या वाफेत शिजवतात. बाहेर येतो तो काळपट लगदा. त्याला करपलेल्या गुळाचा आणि ओल्या गोठ्याचा मिळून असा एक वास येतो, जो कपड्यांतून दोन धुण्यांशिवाय जात नाही. या लगद्यात मग एन्झाइम सोडतात. तणसीच्या धाग्यातलं सेल्युलोज ते तोडतं, त्याची साखर होते, आणि साखरेचं पुढे इथेनॉल. ऐकायला सोपं आहे. पण एन्झाइम भलतं महाग, परराज्यातून निळ्या कॅनमध्ये यायचं, आणि माझ्याच स्टोअरमधून मोजून जायचं. एका टाकीला जितकं लागायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट जात होतं. मी एकदा श्रावणला म्हटलं, "तुझी टाकी एन्झाइम पिते की सांडते?"

तो म्हणाला, "रविवारी गावले ये. दाखवतो."

मी गेलो. त्यानं मला लॅबमधलं काही दाखवलं नाही, वडिलांच्या डोंग्यात बसवलं. ऐंशीकडे झुकलेले त्याचे वडील डोंगा वल्हवत होते. तलावाच्या खोल टोकाला पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट आहेत. जाळं टाकलं की निम्मं त्या खुंटांना अडकतं. अडकलेलं जाळं मासा धरत नाही आणि सुटतही नाही, ओढलं तर फाटतं. म्हाताऱ्यानं काय केलं, तर आधी एक जुनं, भोकं पडलेलं, टाकून द्यायच्या लायकीचं जाळं खुंटांवर पसरून टाकलं. ते खुंटांना गच्च धरून बसलं. मग त्याच्यावरून नवं जाळं फेकलं. ते घसरून पुढे मोकळ्या पाण्यात गेलं.

"बाबा, हे कुठून शिकले?" मी विचारलं.

"शिकाचं का त्यात?" म्हातारा म्हणाला. "खुंटाले काहीतरी पाह्यजे धराले. जुनं देऊन टाकाचं, नवं वाचते."

श्रावण माझ्याकडे वळला. "समजलं का हिशोब्या? एन्झाइमले एक हात असते. त्या हातानं ते सेल्युलोजले धरते अन् मंग तोडते. पण तणसीत लिग्निनही असते. लाकडाले लाकूडपण देते ना, ते. वाफेत ते वितळते अन् थंड झालं का धाग्यावर थेंब-थेंब होऊन चिकटते. तेच हे खुंट. तुह्या स्टोअरमधलं एन्झाइम तिथी जाऊन चिकटते. तोडाले तिथी काहीच नाही, अन् सुटतही नाही. मेलं तिथंच."

"मग त्यावर जुनं जाळं कुठलं टाकणार?"

"तेच शोधून राहिलो."

त्याला ते सापडलं लाखोळीत. धान निघालं की ओलाव्यावर बांध्यांमध्ये आपण जी लाखोळी फेकतो, तिच्या डाळीचं पीठ. त्याचं म्हणणं साधं होतं. एन्झाइम हे प्रथिनच, आणि लिग्निनला कुठलंही प्रथिन चालतं. मग महागाचं कशाला द्यायचं? आधी लाखोळीच्या पिठाचं पाणी द्या, खुंट ते धरून बसतील, मागून येणारं एन्झाइम सेल्युलोजपर्यंत पोचेल. परदेशात लोक सोयाबीन वापरून असं करतात हे त्यानं वाचलेलं होतं. लाखोळी आपल्या बांधीतली आणि स्वस्त, म्हणून तिच्यावर त्याचा जीव.

प्लांटमध्ये परवानगी मिळेना म्हणून पहिला प्रयोग त्यानं घरी केला, स्वयंपाकघरात. दोन बाटल्या, प्रत्येकीत धुतलेला लगदा पन्नास ग्रॅम, मी माझ्या घरच्या काट्यावर तोलून दिलेला. दोन्हींत एन्झाइम सारखंच. एकीत आधी लाखोळीचं पाणी, दुसरीत साधं. दोन्ही बाटल्या गरम पाण्याच्या पातेल्यात, पाणी पन्नास अंशांच्या आसपास ठेवायचं. ते काम त्याच्या बायकोवर, शकुनवहिनींवर आलं. दोन दिवस त्या थर्मामीटर पाहून गरम पाणी घालत होत्या आणि मी दारात दिसलो की ऐकवत होत्या. "भाऊजी, तुमच्या मित्राले पोरगी झाली तवा हे एक डाव उठले नाई. आता बाटल्याईसाठी चार चार डाव उठून राहिले."

तिसऱ्या दिवशी लाखोळीच्या बाटलीतला लगदा पातळ झाला होता. हलवला की पाण्यासारखा हलायचा. दुसरीतला बराचसा तसाच उभा. साखर किती झाली ते मोजायला श्रावणनं सासूबाईंचं शुगर तपासायचं यंत्र काढलं. दोन्हींतला एक एक थेंब सारख्याच पाण्यानं पातळ करून पट्टीवर टाकला. मी आकडे लिहून घेतले. लाखोळीच्या बाटलीचा आकडा दुसरीच्या दुपटीपेक्षा थोडासाच कमी होता. वहिनी म्हणाल्या, "माय! बाटलीले शुगर झाली का आता? हिले गोळी चालू करा." श्रावण इतका हसला की यंत्र हातातून पडलं. नंतर त्यानं दोन्ही बाटल्या उकळून घेतल्या, बुचांवर मेण ओतलं आणि फडताळात ठेवल्या. त्याला मी इतका आनंदात नंतर कधी पाहिला नाही...

दोन महिन्यांनी परवानगी आली. एका टाकीवर चाचणी घ्यायची ठरली. लाखोळीच्या पिठाची दहा पोती आली, मी उतरवून घेतली, मोजली, तोलली आणि रजिस्टरच्या डाव्या पानावर, आवकमध्ये लिहिली. उजवं पान जावकचं. ते कोरं होतं.

उन्हाळा होता. प्लांटच्या बोअरचं पाणी खाली गेलेलं. शिजवलेली तणस एरवी दोन पाण्यांनी धुवायची, त्याचं आधी एक पाणी झालं, आणि चाचणीच्या आठवड्यात वरून हुकूम आला की धुवायचंच नाही, टाकी थेट भरा. श्रावणनं पीठ उचलायला नकार दिला. माझ्यासमोर, स्टोअरच्या दारात, तो उत्पादनप्रमुखांना म्हणाला, "न धुतलेल्या मालात विरघळलेल्या लिग्निनचं सारं काळं पाणी आहे. माही लाखोळी त्या पाण्यातच मरन. खुंटापर्यंत पोचनच नाही. अन् तुमचं एन्झाइमही जाईन. धुवा, मंग मागा." प्रमुख म्हणाले, "तुमची लाखोळी राहू द्या घरी. टाकी थांबणार नाही." आणि टाकी भरली. नुसत्या एन्झाइमवर.

ती पातळ झाली नाही. दुसऱ्या दिवशी आतला ढवळायचा पंखा लगद्यात रुतून बंद पडला. तीन दिवस काय करायचं ते ठरेना, आणि मे महिन्याच्या उन्हात ती टाकी आतून सडत गेली. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा मी वीस पावलांवर होतो आणि तिथेच ओकलो. कुजलेलं अंडं, आंबलेली पेज आणि मेलेला उंदीर एकत्र केलं तरी ते होणार नाही. वरती हिरवट साय, तिच्यात बोटाएवढे बुडबुडे, फुटले की आवाज यायचा. दोन कामगारांना तोंडाला गमछे बांधून आत उतरवायला निघाले होते. श्रावण शिडीच्या आडवा उभा राहिला, तेव्हा मग पंप मागवला. तो सगळा घाण माल मागच्या खड्ड्यात सोडला. आसपासच्या वस्तीनं आठवडाभर दारं लावून जेवण केलं. माझी मुलगी मला म्हणायची, बाबा, आधी आंघोळ, मग आत.

वस्तीची तक्रार वर गेली आणि चौकशी लागली. टेबलाच्या पलीकडे तीन माणसं होती. मोठे साहेब, उत्पादनप्रमुख आणि मुख्य कार्यालयातून आलेले एक गृहस्थ. श्रावणला बोलावलंच नाही, मला रजिस्टर घेऊन बोलावलं. मी ते उघडून टेबलावर ठेवलं. डाव्या पानावर दहा पोती. उजव्या पानावर माझा पंजा.

"लाखोळीचं पीठ आलं होतं?"

"हो साहेब. दहा पोती."

"त्या टाकीच्या चाचणीसाठीच?"

"हो साहेब."

"ठीक आहे. या तुम्ही."

मी रजिस्टर मिटलं आणि उठलो. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा झालं नसेल. दहाही पोती माझ्या गोदामात शिलाई न तोडता पडलेली आहेत, एक मूठ पीठही त्या टाकीत गेलेलं नाही, हे त्या खोलीत मला आणि समोरच्या दोघांना माहीत होतं. तिसऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. स्टोअरच्या कामात मी आयुष्यभर एक शिस्त पाळली आहे. विचारलं तेवढं सांगायचं, पानावर असेल तेवढंच सांगायचं. त्या दिवशी मी त्या शिस्तीच्या आड लपलो. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात नव्यानं व्हायचं होतं. ते झालं.

संध्याकाळी श्रावण घरी आला. हातात पेरूची पिशवी. माझ्या बायकोला पेरू दिले, मुलीची टिंगल केली, मग ओट्यावर बसून मला विचारलं, "जावकचं विचारलं का रे तुले?"

"नाही."

"हाव," तो म्हणाला. "न विचारता कसा सांगशीन तू. हिशोब्या आहेस." आणि हसला. मी आजही ठरवू शकलो नाही की ते हसणं कसलं होतं. त्यानंतर सात महिन्यांत त्यानं हा विषय एकदाही काढला नाही. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काट्यावरही तो श्रावणच राहिला. ट्रॉली आली की तिच्यातून एक काडी उपसायचा, वाकवायचा, मोडताना कान लावायचा आणि शेतकऱ्याला म्हणायचा, "ओली आहे काका. दोन दिवस पसरवा, मंग आणा." बाकीचे म्हणायचे, केमिस्टसाहेब आता काडीवाले झाले. त्यालाही ते ऐकू जायचं. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचो. आम्ही मुलांच्या अभ्यासाबद्दल, धानाबद्दल, त्याच्या वडिलांच्या गुडघ्याबद्दल बोलायचो. लाखोळीबद्दल नाही. एकदाच, एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं त्याला विचारलं, "तुम्हीच का ते, ज्याईनं लाखोळी टाकून टाकी सडवली?" श्रावणनं पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "हाव, मीच." मी शेजारच्या स्टुलावर होतो.

...त्या सोमवारी समोसा तसाच कागदात गुंडाळून मी कॅन्टीनबाहेर आलो आणि कुत्र्याला टाकला. मग गोदामात गेलो. दहाही पोती भिंतीला होती. शिलाईचा दोरा जसा आला तसाच. आतल्या पिठाला किडे लागले होते, पोत्यांवर बारीक जाळी धरली होती, हात लावला की भुगा खाली यायचा. कडवट, जुनाट वास. मी दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढल्या, सोबत एक पत्र लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पत्रात तीन वाक्यं होती. पोती आली दहा. गेली शून्य. हे मला चौकशीच्या दिवशी माहीत होतं.

साहेबांनी वाचलं. "आता याचा काय उपयोग? माणूस तर गेला," ते म्हणाले.

"पोच द्या, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाच्या कोपऱ्यात सही केली. पत्राची एक प्रत मी मुख्य कार्यालयातल्या त्या गृहस्थांना टपालानं पाठवली. हा लेख लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. माझं कंत्राट या वेळी होणार नाही असं कानावर आहे. ते होवो न होवो.

त्या रविवारी मी झेरॉक्स घेऊन शकुनवहिनींकडे गेलो. श्रावणचे वडील खाटेवर बसून जाळं विणत होते, आम्ही बोलू लागलो तरी त्यांचे हात थांबले नाहीत. वहिनींना इंग्रजी आकडे वाचता येतात, पण त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला. "वाचा तुम्ही."

मी वाचलं. आवक दहा. जावक शून्य. शिल्लक दहा.

"म्हंजे यायनं टाकलीच नाई लाखोळी."

"नाही टाकली."

"मले ते सांगत होते. मी म्हणो, बाई, कागदावर सायबाची सही आहे, सही खोटी राहीन का?" त्यांनी कागदावरच्या शून्यावर बोट ठेवलं. "माह्याही मनात आलं होतं भाऊजी, का यायच्याच हातून झालं असन..." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "हे पान तवा कुठी होतं?"

"माझ्या हाताखाली."

खाटेवरचे हात थांबले. वहिनी उठून आत गेल्या. फडताळ उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात त्या दोन बाटल्या होत्या. त्यांनी त्या माझ्यासमोर ओट्यावर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तोलून तुम्हीच देल्लं होतं ना? तुमच्याच घरी ठेवा. पाह्यत जा."

चहा झाला नाही. मी निघालो तेव्हा म्हाताऱ्यानं फक्त मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

बाटल्या आता माझ्या घरी, खिडकीत आहेत. बुचांवरचं मेण पिवळं पडलंय, एकीवर श्रावणच्या बोटाचा ठसा आहे. बायको म्हणते, निदान कपाटात तरी ठेवा, येणारा-जाणारा विचारतो. विचारू दे. आता कुणी विचारलं तर मी सगळं सांगतो, विचारलं त्याहून जास्त सांगतो. रोज सकाळी कामावर निघताना मी दोन्ही बाटल्या आडव्या करून बघतो. लाखोळीच्या बाटलीतलं पाणी लगेच धावत बुचाशी येतं. दुसरीतला लगदा जागचा हलत नाही. मी ती थोडा वेळ तशीच हातात धरून ठेवतो, मग सरळ करून जागेवर ठेवतो.